तांदळात लिहिलेलं नाव

लेकीकडे जायला मला जर्मनीचा व्हिसा मिळाला आणि दादाकडे जायला इंग्लंडचा मिळाला नाही. गोष्ट म्हणाल तर एवढीच आहे. तरी ती सांगायला बसले की अजून माझा संताप होतो, आणि संताप नेमका कुणावर करायचा ते कळत नाही म्हणून तो आणखी वाढतो.

दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. इंजिनियर होऊन इंग्लंडला गेला, तिथे उत्तरेकडच्या एका सदा भिजलेल्या गावात नोकरीला लागला आणि तिथलाच होऊन राहिला. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे आईने मरेपर्यंत विचारलं आणि त्याने मरेपर्यंत सांगितलं नाही. एक-दोन वर्षांनी तो पुण्याला यायचा, धायरीला माझ्याकडे उतरायचा, पहिला दिवस झोपून काढायचा आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या नळाच्या पाण्याला आणि सिंहगड रस्त्याच्या गर्दीला नावं ठेवायला सुरुवात करायचा. मी मात्र त्याच्याकडे कधी गेले नाही. "तू कशाला येतेस, मीच येतो की," असं तो म्हणायचा आणि मला ते बरंच वाटायचं. पुढे माझे यजमान अंथरुणाला खिळले. ते गेल्यावर काही दिवस मला कुठे जावंसंच वाटेना. जाणं राहून गेलं.

मग त्याच्या फुप्फुसांचं दुखणं निघालं. नाकाला नळी लागली, विमानप्रवास बंद झाला. व्हिडिओ कॉलवर तो दिसायचा तेव्हा खुर्चीच्या मागे ऑक्सिजनचं यंत्र घरघरत असायचं. एके दिवशी माझ्या आमटीची चौकशी करता करता तो एकदम म्हणाला, "आता तूच ये गं." आणि वाक्याच्या शेवटी माझं नाव घेतलं. माहेरचं.

दादाने माझ्याकडे आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. भाऊबीजेला ताटात ओवाळणी घालून वर मलाच विचारायचा, पुरेल ना? त्याने 'ये' म्हटल्यावर मी जाणारच होते. तो आहे तोवर त्याच्याजवळ जाऊन चार दिवस बसायचं, त्याला मऊ भात करून घालायचा, एवढंच मला हवं होतं.

योग असा, की त्याच सुमारास लेकीचे दिवस भरत आले होते. ती आणि जावई जर्मनीत असतात. पहिलं बाळंतपण, तेव्हा मी तिकडे जाणं ठरलेलंच होतं. ती म्हणाली, "आई, सोप्पंय. माझ्याकडे ये, मग इथून मामाकडे. दोन तास पण लागत नाहीत फ्लाइटला." नकाशात बघितलं तर खरंच ते दोन देश बोटभर अंतरावर होते. नागपूरला जायला आपल्याला याहून जास्त वेळ लागतो.

व्हिसाची कामं करणारे एक गृहस्थ ओळखीतून मिळाले. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, बोलणं मोजकं. त्यांनी माझ्यापुढे एक कोरा कागद ठेवला आणि त्यावर पेनाने मोठा गोल काढला. म्हणाले, "काकू, हे शेंगेन. जर्मनी, फ्रान्स, हॉलंड, इटली, सगळे ह्याच्यात. एका देशाचा व्हिसा घेऊन आत शिरलात की आतल्या आत कुठेही फिरा, कुणी विचारत नाही." मग गोलाच्या बाहेर, जरा वरच्या अंगाला, त्यांनी एक टिंब दिलं. "आणि हे इंग्लंड. हे ह्याच्यात नाही. ह्याचा व्हिसा वेगळा, कागद वेगळे, साहेब वेगळा."

"पण युरोपच ना?" मी म्हटलं.

"भूगोलात," ते म्हणाले.

पासपोर्ट एकच, त्यामुळे तो एका वेळी एकाच ठिकाणी देता येणार. बाळ काही थांबणार नव्हतं, म्हणून आधी जर्मनीचा करायचं ठरलं. फोटो काढायला गेले. फोटोवाला म्हणाला, हसायचं नाही, कान दिसले पाहिजेत. हसायचं मनात नव्हतंच, कान दाखवले. यजमानांच्या पेन्शनची कागदपत्रं, बँकेचं, विम्याचं, लेकीचं निमंत्रण, आणि ती माझी लेक असल्याचा पुरावा म्हणून तिचा जन्मदाखला. त्यात आईच्या नावापुढे माझं नाव होतं, पासपोर्टात आहे तेच. फार वाट न बघता व्हिसा लागून पासपोर्ट घरी आला. पानावरचं ते चिकटवलेलं चित्र मी खिडकीशी नेऊन बघितलं आणि मला उगाचच वाटलं, अर्धं काम झालं.

मग इंग्लंडचं काढलं. कागद जवळजवळ तेच. फक्त आता मी आई म्हणून जात नव्हते, बहीण म्हणून जात होते. त्या गृहस्थांनी दादाचा जन्मदाखला आणि माझा शाळा सोडल्याचा दाखला शेजारी शेजारी ठेवला, कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि विचारलं, "काकू, ही कोण?"

शाळेच्या दाखल्यावरच्या नावाबद्दल ते विचारत होते. म्हटलं, मीच.

आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनाव तर बदलतंच, पण नावही बदलायची पद्धत होती. अजूनही काही घरांत आहे. लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा त्यात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. मग ते सगळ्यांना वाचून दाखवतात, साखर वाटतात, आणि त्या क्षणापासून ती मुलगी दुसरीच कुणीतरी असते. माझंही तसंच झालं. तोपर्यंत दादा मांडवात मोठ्या ऐटीत होता, कारण नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान त्याचा. त्याने तो चांगला लाल होईपर्यंत पिळला होता. पण ताटातलं नाव वाचल्यावर तो सगळ्यांदेखत म्हणाला, "मी नाही हं म्हणणार हे नाव." लोक हसले. वडिलांनी डोळे वटारले. पण दादाने ते शेवटपर्यंत पाळलं. सासरी सगळ्यांनी मला नव्या नावाने हाक मारली. हळूहळू आई-वडीलही तेच म्हणू लागले, जावयाला वाईट वाटायला नको म्हणून. एकटा दादा माझ्या यजमानांसमोर, सासूसमोर, जुन्याच नावाने हाक मारायचा, तीही अशी चिडल्यासारखी, मी कुठेतरी लपून बसलेय आणि त्याला शोधायला उशीर होतोय अशी.

"नाव बदलल्याचा कागद?" त्या गृहस्थांनी विचारलं.

कागद कुठला असणार? लग्न नोंदवायची तेव्हा आमच्यात कुणाला गरज वाटली नव्हती. लग्नपत्रिका सापडली, तर तिच्यावर जुनंच नाव. मी नोकरी केली नाही, घरी मुलांच्या शिकवण्या घेतल्या, त्यामुळे जुनं-नवं जोडून द्यायची वेळच आली नाही. रेशनकार्डावर नवं नाव चढलं, त्यावरून बाकीचं सगळं पुढे सरकत गेलं. नाव बदलल्याचा पुरावा म्हणाल तर ते ताटातले तांदूळ. ते गुरुजींनी उपरण्यात बांधून नेले असतील, नाहीतर दुसऱ्या दिवशी भातात गेले असतील.

"पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावं आहेत की," मी म्हटलं. मला वाटलं मी मोठा मुद्दा काढला.

त्यांनी पान उघडलं. वडिलांचं नाव दोन्हीकडे जुळत होतं. आईचं जुळेना. दादा आईच्या माहेरी जन्मला, नोंद करायला आमचे आजोबा गेले आणि आपल्या मुलीला ते घरी ज्या नावाने हाक मारत तेच त्यांनी सांगून टाकलं. माझा जन्म पुण्याचा. माझ्या कागदांत आईचं सासरचं नाव. म्हणजे तिचंही तांदळातलंच.

"कागदावर तुमचे वडील एक, पण आया दोन," ते गृहस्थ म्हणाले. "तेही वडील तेच आहेत असं धरलं तर. ह्या नावाची पुण्यात चिक्कार माणसं निघतील."

मला हसू आलं आणि लगेच रागही आला. म्हटलं, "अहो, शेजारीपाजारी कुणालाही विचारा. तो माझा सख्खा भाऊ आहे."

"मला पटलंय हो. पण साहेब धायरीत राहत नाही ना."

तरीही आम्ही अर्ज केला, कारण थांबायला वेळ नव्हता. पुरावा म्हणून भाऊबीजेचे जुने-नवे फोटो जोडले. प्रत्येक फोटोत दादा पाटावर बसलेला, डोक्याला टोपी म्हणून रुमाल, आणि मी ताट घेऊन त्याला ओवाळतेय. त्या गृहस्थांनी प्रत्येक फोटोखाली इंग्रजीत लिहिलं की ही बहीण भावासाठी विधी करीत आहे. ते वाचून मला इतकं परकं वाटलं. आपण दुसऱ्याच कुणाच्या घरातला फोटो बघतोय असं झालं.

दादाला रोज फोन. तो विचारायचा नाही, पण मीच सांगायचे, आज बोटांचे ठसे झाले, आज कागद पोचले. एकदा तो म्हणाला, "खोली आवरून ठेवलीय तुझी. म्हणजे शेजारच्या बाईंनी आवरली. मी नुसता हुकूम सोडत होतो."

पासपोर्ट परत आला तो रिकामाच, सोबत एक पत्र. भाषा फार सभ्य होती. ज्या व्यक्तीला भेटायला तुम्ही जात आहात ती तुमचा भाऊ असल्याबद्दल खात्री पटत नाही. शिवाय मी विधवा, कमाई नाही, एकुलती एक मुलगी परदेशात, तेव्हा परत येईन याचीही खात्री पटत नाही. नीट वाचलं तर त्यात खोटं काहीच नव्हतं. मी साहेबाच्या जागी असते तर मलाही पटलं नसतं. याचाच मला जास्त त्रास झाला. कुणी अन्याय केला असता तर निदान कडकडा भांडता आलं असतं.

दादाला सांगितलं तेव्हा त्याने नाकाची नळी सारखी केली. मग म्हणाला, "तरी मी मांडवातच सांगत होतो."

उपाय एकच होता. नाव बदलल्याचं सरकारी राजपत्रात छापून आणायचं आणि ते जोडून पुन्हा अर्ज करायचा. बुधवार पेठेत असली कामं करणारं एक केंद्र आहे, विजेच्या सामानाच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर. गंमत म्हणजे आमचं लहानपणचं भाड्याचं घर त्याच गल्लीत होतं. आता तिथे खाली मोबाईलची दुकानं आहेत आणि वर काय आहे ते फलकांमुळे दिसत नाही. केंद्रातल्या माणसाने पुढचा अर्ज काढला आणि मान वर न करता विचारलं, "जुनं नाव?"

मी सांगितलं. इतक्या वर्षांत ते नाव मी स्वतः कधी उच्चारलंच नव्हतं. आपलं नाव आपण कशाला घेतो? जीभ जरा अडखळली. त्याने दोनदा विचारून घेतलं.

मग प्रतिज्ञापत्रासाठी वकिलांकडे. त्यांनी विचारलं, "तुम्हाला दोन्ही नावांनी ओळखणारं, तुमच्या लग्नाला हजर असलेलं, जवळचं कुणी आहे का? असलं तर बरं पडतं."

मी आठवून बघितलं. आई-वडील नाहीत, सासू-सासरे नाहीत, यजमान नाहीत. मामा, आत्या, शाळेतल्या मैत्रिणी, एकेक नाव मनात घेत गेले आणि सोडत गेले. "एक आहे," म्हटलं. "इंग्लंडात."

वकील म्हणाले, "मग राहू दे."

राजपत्रात यायला वेळ लागणार होता. लेकीची तारीख आली. मी जर्मनीला गेले. जाताना स्वतःची समजूत काढली, की निदान जवळ तरी जातेय. विमानतळावर खिडकीतल्या माणसाने विचारलं, कशासाठी आलात? म्हटलं, लेकीचं बाळंतपण. त्याने शिक्का मारला. एवढंच. आई म्हणून मला तो सगळा गोल मोकळा होता.

बाळ झालं. मुलगी, काळ्याभोर जावळाची. रोज तिला मालीश करायचं, शेक द्यायचा, लेकीला डिंकाचे लाडू करून घालायचे, आणि दुपारी घड्याळ बघून दादाला फोन लावायचा. तो बोलायचा कमी आणि ऐकायचा जास्त. मी बाळाचं तोंड कॅमेऱ्यासमोर धरायचे. लेक आणि मी एका खोलीत असताना, मी दादाच्या गावाच्या इतक्या जवळ आयुष्यात कधी आले नव्हते हे सारखं मनात यायचं, आणि मग बाळावर लक्ष लागायचं नाही. लेकीच्या ते लक्षात यायचं. ती बाळ माझ्या हातातून घ्यायची.

बाळ जरा मोठं झाल्यावर एका रविवारी जावई म्हणाले, "आई, हॉलंडला जाऊन येऊ. इथून जवळच आहे, तुम्हालाही बदल." मी सकाळी उठून फाईल तयार केली. पासपोर्ट, विमा, लेकीचं निमंत्रण, सगळ्याच्या प्रती. पर्स मांडीवर घेऊन, पासपोर्टावर हात ठेवून गाडीत बसले. बाहेर शेतं, गाई, पुन्हा शेतं. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "सीमा कधी येणार?"

"मागेच गेली की," लेक म्हणाली. "निळी पाटी होती बघ."

मी मागे वळून बघितलं. रस्ता होता तसाच होता. ना खिडकी, ना साहेब, ना रांग. शेतातली एक गाय या देशात आणि दुसरी त्या देशात चरत असेल. मला एकदम रडू फुटलं. लेकीला वाटलं गाडी लागली. जावयांनी बिचाऱ्यांनी गाडी बाजूला घेतली. मी फाईल छातीशी धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि कुणी काही विचारलंच नाही, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

त्या दिवशी हॉलंडमधूनच दादाला फोन लावला. म्हटलं, "दादा, एका देशातून दुसऱ्या देशात आले रे, कुणी विचारलंसुद्धा नाही."

तो हसला, मग खोकला, मग यंत्राच्या घरघरीतून म्हणाला, "मग अशीच चालत ये पुढे. मध्ये जरा पाणी लागेल एवढंच." आणि माझं नाव घेतलं. त्याच्या तोंडून ते मी ऐकलं ते तेच शेवटचं.

पुढच्याच आठवड्यात तो गेला. शेजारच्या बाईंनी कळवलं. झोपेत गेला म्हणाल्या. सगळेच तसं म्हणतात. तिकडच्या पद्धतीप्रमाणे अंत्यविधी बऱ्याच दिवसांनी झाला. तेवढ्या वेळात पुण्याहून पायी निघालेला माणूससुद्धा पोचला असता, असं काहीबाही माझ्या मनात येत होतं. आम्हाला एक लिंक पाठवली होती. लेकीच्या दिवाणखान्यात टीव्हीवर ती लावली. एक स्वच्छ, थंड दिसणारी खोली, पाच-सहा माणसं, मध्ये ती पेटी. एका बाईंनी दादाबद्दल चार शब्द वाचले आणि मागे एक बहीण आहे म्हणून माझं नाव घेतलं. लेकीने त्यांना पासपोर्टातलं नाव कळवलं होतं. दुसरं ती तरी कुठलं कळवणार? पण दादाने जे नाव आयुष्यात तोंडातून काढलं नव्हतं, ते त्याच्या पेटीशेजारी उभं राहून कुणीतरी मोठ्याने घेतलं. मी लेकीला म्हटलं, बंद कर. तिला वाटलं, मला बघवत नाहीये. खरं म्हणजे मला त्या बाईंना सांगायचं होतं, की ही कोण, हिला मी ओळखत नाही.

व्हिसाची मुदत संपत आली तशी मी परत आले. धायरीच्या घरात दादाचा रुमाल खुंटीला तसाच होता. केंद्रातून फोन आला तेव्हा आधी मला कळेचना कशाचं. राजपत्रात आलंय, घेऊन जा म्हणाले. आता त्याचं काय करू, असं ओठावर आलं होतं. पण माणसाने काम केलं होतं, म्हणून गेले.

बुधवार पेठेत भर दुपारची गर्दी. वर केंद्रात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माणसं बसलेली, पंखा नुसता आवाज करत होता. मी मागच्या रांगेत बसले. तो माणूस छापील कागदांची चळत घेऊन एकेक नाव पुकारत होता. पुकारताना बघतही नव्हता. पहिल्या रकान्यात असेल ते वाचायचं. त्या रकान्यात जुनी नावं असतात.

त्याने माझं नाव पुकारलं. माहेरचं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

ह्याच गल्लीत आई गॅलरीतून ते नाव घेऊन हाक मारायची, आणि मी आले नाही की दादाला पाठवायची, आणि मग तो तेच नाव चिडून चिडून ओरडत सगळ्या दुकानांवरून मला शोधत यायचा. मी उठायला गेले आणि बसले.

"कोण आहे?" त्याने पुन्हा नाव घेतलं. "आल्यात का नाही?"

शेजारच्या बाईने मला विचारलं, "तुम्ही का हो?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

तिसऱ्यांदा त्याने ते जरा चिडूनच घेतलं. मी पर्स घट्ट धरून, मान खाली घालून, तशीच बसून राहिले. त्याने अजून एकदा हाक मारावी म्हणून.